किल्ला क्लबची बढती

फुटबॉल क्लबनं वरच्या गटात जाणं ही आनंदाची गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी क्लबची सचिवकी केलेली नसते. पुंडलिकराव ठवकरांनी ती एकवीस वर्षं केली होती. म्हणून २००२ च्या फेब्रुवारीत, आंबागडचा किल्ला फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या ब गटात दुसरा आला आणि अ गटात जायला पात्र ठरला, ही बातमी आली तेव्हा ते ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसले होते, ते तसेच निवडत राहिले.

बातमी घेऊन आला होता वीरेंद्र. वीरेंद्र क्लबचा कप्तान. वय चौतीस, धंदा ट्रॅक्टर चालवणं, आणि उजवा गुडघा असा की तो बसला-उठला तरी शेजारच्या घरात कळावं. पंधरा वर्षं तो ब गटात खेळत होता.

"काकाजी, वर गेलो आपुन! अ गट!"

"कसे काय गेलो?" पुंडलिकरावांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. शेवटचा सामना क्लब हरला होता.

"दुसऱ्या नंबरवाली टीम बाद झाली जी. त्यायनं बारा जन खेळवले. पंच नवा होता, त्याले अर्ध्या तासानं समजलं."

"म्हंजे आपुन खेळून नाही गेलो. त्यायले मोजता नाही आलं म्हनून गेलो."

"गेलो ना पन!" वीरेंद्र म्हणाला. मग आवाज खाली आणून, "माझ्या गुडघ्यात एकच साल उरलं हाये काकाजी. एक साल अ गटात खेळलो की मंग ट्रॅक्टरवरून उतरलो नाही तरी चालते."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. पुंडलिकराव चिखल्याच्या मँगनीज खाणीतून हजेरी-बाबू म्हणून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं त्यांनी रोज पहाटे खाणीच्या फाटकावर बसून कोण आला आणि कोण नाही आला हे लिहिलं होतं. अशा माणसाला कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं की ते कोणत्या रकान्यात टाकायचं हे कळत नाही. ते म्हणाले, "बरं." आणि त्या एका 'बरं'नं त्यांचं पुढचं वर्ष गेलं.

आठ दिवसांत भंडाऱ्याहून ग्रामीण फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. अभिनंदन एका ओळीत होतं, अटी दोन पानांत. मैदान किमान शंभर मीटर लांब पाहिजे. पाहुण्या संघाला कपडे बदलायला दार असलेली स्वतंत्र खोली पाहिजे. आणि क्लबचं मूळ नोंदणीपत्र सादर केलं पाहिजे. जुलैअखेर पूर्तता न झाल्यास बढती रद्द.

चंद्रभागाबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नीनं, पत्र ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजी, याच्यात खेळाचं कुठं लिवलं हाये?"

"खेळाचं कायले लिहितीन? थे पोट्ट्यायले समजते."

"मंग तुमाले काय समजते?"

हा प्रश्न लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बाईनं विचारू नये, पण विचारला.

क्लबचं मैदान म्हणजे गावचा आखर. सकाळी गावची गुरं रानात जाण्याआधी जिथं जमतात ती जागा. गुरं गेली की फुटबॉल. उत्तरेला तलावाची पाळ, दक्षिणेला आनंदाबाई सेलोकर यांचं घर, अंगण आणि गोठा. आखर मोजायला म्हणून पुंडलिकराव एका रविवारी टेप घेऊन गेले आणि चूक ही झाली की ते दिवसाढवळ्या गेले. दहा मिनिटांत निम्मं गाव जमलं. आंबागडात कोणी टेप धरून उभा दिसला की दुसरं टोक धरायला चार जण आणि मधे सल्ला द्यायला चाळीस जण येतात.

आखर त्र्याण्णव मीटर भरला.

"परत मोजा," तेजराम म्हणाला. तेजरामचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लोखंडाबद्दल त्याचा शब्द गावात शेवटचा मानला जाई. "टेप लोखंडी हाये. आता थंडी हाये. टेप आखडते."

"टेप आखडली तं आखर जास्त भरीन ना बे," पुंडलिकराव म्हणाले.

तेजरामनं विचार केला. "मंग उन्हाळ्यात मोजू नोका," तो म्हणाला आणि सल्ला दिल्याचं समाधान मानून बाजूला झाला.

दादाजी हे पुंडलिकरावांचे शेजारी. रोज सकाळी पुंडलिकरावांच्याच ओसरीवर चहा घेत. ते म्हणाले, पाळीकडचा गोल सात मीटर मागं सरकवा, म्हणजे पाळीवर चढवा. मग गोलकीपर उंचावर राहील, त्याला लांबून दिसेल. वीरेंद्र म्हणाला, मग चेंडू चढावर मारावा लागेल. दादाजी म्हणाले, "अर्धा टाइम तुमाले लागन, अर्धा टाइम त्यायले. अन्याव कुठं हाये?" यावर पाऊण तास गंभीर चर्चा झाली. दोघा-तिघांनी पाळीवर उभं राहून दाखवलं. एक जण घसरून तलावात गेला. तिथं पाणी गुडघाभरच होतं, पण त्याच्या हातात टेपचं दुसरं टोक होतं.

शेवटी मैदान तिरपं करायचं ठरलं. आखराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. ही कल्पना कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ती यशस्वी झाल्यावर सहा जणांची निघाली. तिरपं धरल्यावर लांबी एकशे दोन मीटर भरली. फक्त एक कोपरा, कॉर्नरचं निशाण रोवायचा कोपरा, आनंदाबाईंच्या अंगणात गेला, गुरांच्या पाण्याच्या टाक्याला लागून.

आनंदाबाई सत्तरीच्या होत्या, एकट्या राहत, आणि त्यांच्या अंगणात जाऊन काही मागणं हे गावच्या सरपंचालाही तिसऱ्या खेपेला जमलेलं. पुंडलिकराव धुतलेला सदरा घालून गेले.

"कोपरा पाहिजे," ते म्हणाले.

"कायचा?"

"मैदानाचा. आन गोठ्याचा एक भाग. पाहुन्यायले कपडे बदलाले."

आनंदाबाईंनी सुपातला तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. "कोपरा घ्या. पन मोहफुलं वाळत असली तं तिथून चेंडू मारायचा नाही. गोठ्याचा आर्धा भाग बी घ्या. दार लावा. पन म्हैस तिथंच राहीन. ती नवी जागा मानत नाही."

"पाहुन्यायच्या खोलीत म्हैस कशी चालन जी आनंदाबाई?"

"मंग पाहुन्यायले तुमच्या घरी कपडे बदलू द्या," आनंदाबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांच्या डोळ्यांपुढं अकरा घामट माणसं आणि चंद्रभागाबाई असं चित्र एकदम उभं राहिलं. म्हैस मान्य झाली. मार्च-एप्रिलात दार लागलं, चुना ओढला गेला. मधून गुरं चालून जात म्हणून तो दर आठवड्याला पुन्हा ओढला गेला. दर आठवड्याला पुंडलिकराव स्वतः कमरेत वाकून तो ओढत, कारण क्लबच्या प्रगतीसाठी सल्ला द्यायला माणसं पुष्कळ होती, पण चुन्याचं घमेलं उचलायला सचिवच.

आता उरलं नोंदणीपत्र. ते सोपं होतं. क्लबची नोंद महासंघाकडं एकोणीसशे एक्याऐंशी सालीच झाली होती, पुंडलिकरावांनी स्वतः केली होती, फाईल भंडाऱ्यात होती. जायचं, नक्कल आणायची. ते एसटीनं भंडाऱ्याला गेले.

महासंघाचं कार्यालय नंदलाल हेडाऊ यांच्या साडीच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. हेडाऊंचं घराणं तीन पिढ्या मागावर बसलेलं, आता विकायला बसलेलं. नंदलाल कार्याध्यक्ष होता आणि त्याचा स्वभाव असा गोड की नाही म्हणतानाही तो समोर चार घड्या उलगडून दाखवी.

"बसा काकाजी. चहा सांगतो. आंबागड ना? आत्ता देतो." तो माळ्यावर गेला, खाली आला, पुन्हा गेला. शेवटी कोशाच्या दोन रेशमी साड्या आणि एक वही घेऊन आला. साड्या कशाला आणल्या हे त्यालाही कळलं नसावं. "काकाजी, फाईल इथं नाही. गोंदियाले हाये."

"गोंदियाले? काहून?"

"नव्व्याण्णव साली जिल्हा तुटला ना जी. आपला महासंघ बी तुटला. मी आन गोंदियाचे ताराचंदभाऊ, दोघायनं याच गादीवर बसून फाइली वाटल्या. अर्ध्या त्यायच्या, अर्ध्या आमच्या. तालुक्याप्रमानं. सांजेपावतर संपवाचं होतं..." नंदलालनं वहीतली एक ओळ दाखवली. पुंडलिकरावांनी चष्मा लावला. वहीत लिहिलं होतं: 'आमगाव किल्ला क्लब – गोंदिया.'

"हे आमगाव नोहे. आंबागड हाये."

"हो ना जी. अक्षर माझंच हाये," नंदलाल खजील होऊन म्हणाला. "पन तुमीच पाहा, फाइलीवर आंबागड लवकर वाचलं तं आमगावच वाटते."

"आमगावले किल्ला कुठं हाये?"

"थे लक्षात नाही आलं. पन कायजी नोको. गोंदियाहून ना-हरकत आना, की आमी तुमाले आमचे मानतो. तोपावतर तुमी, म्हंजे कागदावर, त्यायचे हा."

तीन वर्षं क्लब ब गटात खेळला, हरला, क्वचित जिंकला, नंदलालच्या हातून पेले घेतले, आणि कागदावर तो तिथं नव्हताच. पुंडलिकराव चहा न पिता उठले. हे त्यांनी आयुष्यात फार कमी वेळा केलं होतं.

गोंदियाच्या ताराचंदांना बघितल्यावर पुंडलिकरावांना पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण ताराचंद त्यांच्याइतकेच थकलेले दिसत होते. निवृत्त शिक्षक. घरातच महासंघ. त्यांनी फाईल लगेच काढून दिली. वर धूळसुद्धा नव्हती, म्हणजे कोणीतरी तिच्यात नियमित काहीतरी लिहीत होतं. काय लिहीत होतं, तेही लगेच दिसलं. १९९९: गैरहजर. २०००: गैरहजर. २००१: गैरहजर.

पुंडलिकरावांनी त्या तिन्ही नोंदींवरून बोट फिरवलं. तेहतीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावापुढं हा शब्द कधी पडला नव्हता. बापाच्या तेराव्यालाही ते अर्धा दिवस भरून आले होते.

"गुरुजी, आमी गैरहजर नोहतो. आमी दुसऱ्या जिल्ह्यात हजर होतो."

"मले पटते हो," ताराचंद म्हणाले. "पन ना-हरकत देण्यासाठी संघ अस्तित्वात असाले पाहिजे, असा नियम आहे. जो तीन वर्षं आलाच नाही, त्याले सोडू कसा? जो आहे त्याले सोडता येते." त्यांनी चष्मा पुसला. "एक काम करा. जुलैत आमच्याकडं पावसाळी स्पर्धा आहे. एक सामना खेळून जा. हजेरी लागेल. हरलेल्या संघाले मी त्याच दिवशी मोकळं करतो. फक्त जिंकू नका. जिंकलात तर पुढची फेरी खेळावी लागते, मग त्याच्या पुढची, आणि जुलै निघून जाईल."

"त्याची कायजी नोको," पुंडलिकराव म्हणाले. हरण्याच्या बाबतीत त्यांना आपल्या क्लबवर पूर्ण भरवसा होता.

जुलै म्हणजे रोवणा. धानाची रोपं चिखलात लावायचे दिवस. त्या दिवसांत आंबागडातून माणूस बाहेर काढणं म्हणजे लग्नातून नवरा काढणं. पुंडलिकराव बांधाबांधावर हिंडले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री धरून. प्रत्येकाची समजूत घातली. स्टेशनवर जमले ते दहा. त्यातल्या तिघांच्या पायाला रोवण्याचा चिखल तसाच होता. अकरावा येतो म्हणाला होता तो आला नाही. गाडी आली.

"काकाजी," वीरेंद्र म्हणाला, "तुमीच उभे राहा. हराचंच तं हाये."

असे एकसष्ट वर्षांचे पुंडलिकराव ठवकर, आयुष्यात पहिल्यांदा, डाव्या बगलेला उभे राहिले. स्पर्धा आमगावातच होती. निदान एकदा तरी क्लब वहीत लिहिलेल्या गावात आला. अंगात अकरा नंबरचा सदरा पोटावर ताणलेला, खाली घरची पॅन्ट दुमडलेली. मैदानाभोवती शंभरेक माणसं छत्र्या घेऊन उभी.

सामना सुरू होण्याआधी समोरचा कप्तान, धनीराम नावाचा काळाभोर दांडगा शेतकरी, वीरेंद्रशी हात मिळवायला आला आणि हात सोडेचना. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमी जिंकून घ्या. आमचा रोवना आर्धा पडला हाये. पुढच्या फेरीले कोनी यायले तयार नाही."

वीरेंद्रनं पुंडलिकरावांकडं पाहिलं. पुंडलिकरावांनी आभाळाकडं.

त्यानंतर आमगावच्या त्या मैदानावर जे झालं ते तिथल्या लोकांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी चेंडू मोठ्या अदबीनं समोरच्याला दिला जाऊ लागला. धनीरामचा गोलकीपर गोल सोडून लघवीला म्हणून गेला, तेव्हा आंबागडच्या पोरांनी चेंडू मध्यरेषेवर धरून त्याची वाट पाहिली. आंबागडच्या गोलकीपरनं चेंडू हातात घेऊन धनीरामच्या पायापाशी ठेवला, तर धनीरामनं तो नमस्कार करून परत केला. पंच एकदा रागावला, एकदा त्यानं विनवून पाहिलं, आणि शेवटी तो शिट्टी तोंडात धरून नुसताच उभा राहिला. पुंडलिकराव मात्र घामाघूम झाले होते. चेंडू त्यांच्याकडं एकदाही आला नव्हता, पण आला तर काय करायचं या काळजीनंच त्यांची दमछाक झाली.

बरोबरी. पेनल्टी लागल्या. पंचांच्या नियमात बरोबरीनं घरी जायची सोय नव्हती.

पहिली पेनल्टी धनीरामनं मारली. चेंडू झाडावर गेला. आंबागडनं उत्तर दिलं, चेंडू पानठेल्यावर गेला. असं करत दोन्हीकडच्या नऊ-नऊ पेनल्ट्या वाया गेल्या, धनीरामच्या गड्याची दहावीही वाया गेली. लोक आता हसू लागले होते. आंबागडची दहावी पेनल्टी पुंडलिकरावांची.

त्यांनी चेंडूला पाय लावला. काहीही ठरवून नाही, नुसता लावला. चेंडू सरळ गोलाकडं निघाला. धनीरामचा गोलकीपर आदरानं बाजूला झाला. चेंडू निघाला, गडगडला, हळू झाला, आणि रेषेच्या वीतभर अलीकडं एका डबक्यात जाऊन बसला.

"बुढा थकला!" कोणीतरी ओरडलं, आणि शंभर छत्र्या हसून हलायला लागल्या.

खरं म्हणजे हेच पाहिजे होतं. चेंडू आत न जाणं हेच तर काम होतं. तरी पुंडलिकरावांचे कान तापले. ते मान खाली घालून परत आले. वीरेंद्र त्यांच्याकडं बघत होता. मग तो छत्र्यांकडं बघायला लागला. धनीरामच्या माणसानं अकरावीही बाहेर मारली, आणि आंबागडचा अकरावा, शेवटचा, वीरेंद्र पुढं झाला. चार पावलं मागं गेला. त्याचा गुडघा वाजलेला पुंडलिकरावांना इतक्या लांबून ऐकू आला.

चेंडू जाळीत गेला तेव्हा जाळीच फाटली.

हसून हलणाऱ्या छत्र्या जागच्या जागी थांबल्या. मग धनीराम आणि त्याचे गडी आनंदानं ओरडले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि सायकली घेऊन रोवण्याला पळत सुटले.

वीरेंद्र खाली मान घालून आला. "माफ करा काकाजी. पाय नाही आयकला."

पुंडलिकरावांनी ओरडायला हवं होतं, पण त्यांना त्या छत्र्या गप्प झालेल्या फार आवडल्या होत्या.

ताराचंद छत्रीखाली कागद घेऊन उभे होते. "ठवकर, हे काय केलं हो? आता मी काय लिहू?" ते बराच वेळ नियमांची पुस्तिका चाळत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, थकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसावं तितपत, हसू आलं. "तुमचं वय काय?"

"एकसष्ट."

"नियम चौदा. पन्नाशीवरचा खेळाडू वैद्यकीय दाखल्याशिवाय खेळला तर संघ बाद. म्हणजे तुम्ही हरलात. धनीरामला जिंकल्याचं कळवा कोणीतरी, तो फार लांब गेला नसेल." त्यांनी कागद पुढं केला. "फक्त इथं सही करा."

कागदावर लिहिलं होतं की संघानं वयोवृद्ध आणि खेळण्यास अपात्र इसम मैदानात उतरवला हे सचिवांस मान्य आहे. पुंडलिकरावांनी ते दोनदा वाचलं. 'वयोवृद्ध' एक वेळ ठीक होतं. 'इसम' त्यांना फार लागलं. पण सही केली. रस्त्यात वेशीजवळ ते आणि वीरेंद्र धनीरामला गाठून बातमी सांगायला गेले तेव्हा तो सायकलवरून उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मी तुमचं काय वाईट केलं होतं जी?"

ना-हरकत घेऊन आंबागड परत भंडारा जिल्ह्यात आलं. नंदलालनं एकदा येऊन पाहणी केली, तिरपं मैदान टेप न लावता मान्य केलं, आणि पाहुण्यांची खोली उघडून बघितली. म्हशीनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं दार हळूच लावून घेतलं आणि 'खोली हवेशीर' असं लिहिलं.

अ गटाचा पहिला सामना पुढच्या जानेवारीत, धान घरात आल्यावर लागला. आंबागडच्या आखरावर, चिखल्याच्या खाणीच्या संघाशी. ते पाच वर्षं जिल्ह्याचे विजेते. त्या दुपारी गावात कोणी घरात नव्हतं. आनंदाबाई कॉर्नरच्या निशाणाशेजारी स्वतःच्या खाटेवर बसल्या होत्या. दादाजी पाळीवर चढून, आपलं ऐकलं असतं तर गोल इथं असता, असं लोकांना सांगत होते. चिखल्याची पोरं गोठ्यातून कपडे बदलून निघाली ती जरा घाईनंच निघाली.

सामन्याला दहा मिनिटं असताना नंदलाल मोटारसायकलवरून आला आणि पुंडलिकरावांना बाजूला घेऊन गेला.

"काकाजी, वाईट वाटून घेऊ नोका. कालच सभा झाली. अ गटात तीनच टीमा उरल्या ना जी. ब गटात बी चारच. त्याच्यानं यंदापासून गट बंद. सगळे एकातच."

पुंडलिकरावांनी त्यानं पुढं केलेलं पत्र घेतलं. "आन आमची बढती?"

"बढती कायम हाये ना! तिले कोनी हात नाही लावला. फक्त चढाले वरची जागा नाही राहिली."

पुंडलिकरावांनी आखराकडं पाहिलं. त्यांनी सकाळी कमरेत वाकून ओढलेल्या रेषा अजून शाबूत होत्या. मधे वीरेंद्र गुडघ्याला फडकं बांधत होता, आणि चेहरा असा की आता कोणी त्याला काही सांगायला जाऊ नये. त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली. नंदलालला म्हणाले, "शिट्टी होऊ द्या."

सामना आंबागड तीन-एकनं हरलं. चिखल्याची पोरं चांगलीच होती, धावत होती ती वाऱ्यासारखी, आणि कॉर्नर मारायला आनंदाबाईंच्या अंगणात गेली की बूट काढून जात होती. पण शेवटच्या दहा मिनिटांत वीरेंद्रनं एक गोल केला. फार देखणा नव्हता. दोघांच्या पायांत अडकलेला चेंडू त्यानं पडता पडता ढकलला. गोल झाला, आणि तो तिथंच पडून राहिला. त्याला उचलायला सगळा आखर धावला. गर्दीत पुंडलिकरावांनीही धाव घेतली होती, हे त्यांना चंद्रभागाबाईंनी घरी गेल्यावर सांगितलं.

सामना संपल्यावर गोठ्याच्या भिंतीला टेकून वीरेंद्र बसला होता. पुंडलिकराव त्याच्याजवळ बसले आणि पत्र त्याच्या हातात दिलं. वीरेंद्रनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुमाले कवा समजलं?"

"खेळाच्या आंधी."

"आन तुमी सांगतलं नाही."

"नाही."

वीरेंद्रनं गुडघा चोळला. मग हसायला लागला. आधी हळू, मग भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं. "म्हंजे काकाजी, आता आपल्याले खाली टाकतो म्हनलं तरी कोनाले जमत नाही?"

"नाही. खाली बी काही उरलं नाही."

"मंग अजून एक साल खेळतो," वीरेंद्र म्हणाला. "गुडघ्याचं पाहून घेऊ."

पुंडलिकरावांनी कपाळावर हात मारला, पण फार जोरात नाही.

पंच निकालाचा कागद घेऊन आला. जुनाच छापील कागद होता. खालच्या बाजूला ओळ होती: 'गट : अ / ब (नको ते खोडावे).'

"ते राहू द्या जी," पंच म्हणाला. "आता गट नाहीत. तुमी फक्त सही करा."

पुंडलिकरावांनी चष्मा लावला. सही केली. मग पंच कागद ओढून घेत होता तो त्यांनी धरून ठेवला, 'ब' वर पेन टेकवलं आणि एक सरळ आडवी रेघ मारली. ती जरा फिकी उमटली असं वाटून त्यांनी तीच रेघ पुन्हा एकदा, दाबून, गिरवली.